तळ्यातल्या ऊर्जेचा हिशेबनीस

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस शहराच्या उत्तरेला सुमारे पन्नास किलोमीटरवर, सीडर बॉग नावाचे एक लहानसे तळे आहे. निसर्गचित्रात शोभावे असे त्यात काही नाही. पाणी जेमतेम एक मीटर खोल. तळाशी मऊ, काळसर गाळाचा जाड थर आणि काठाने हळूहळू आत सरकत येणारी दलदल. हिमयुगाच्या अखेरीस जन्मलेले हे तळे भरत भरत आता शेवटच्या घटका मोजत आहे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक तरुण संशोधक आपल्या पत्नीला सोबत घेऊन सलग पाच वर्षे या तळ्याकडे येत राहिला. पाण्यातले शैवाल, कीटकांच्या अळ्या, मासे, तळाचा गाळ असे जे जे हाती लागले ते त्याने मोजले. त्या मोजणीतून एकोणीस पानांचा एक निबंध जन्माला आला. निसर्गाकडे पाहण्याची विज्ञानाची दृष्टी त्या एकोणीस पानांनी बदलली. पण ती छापून आली तेव्हा लेखक या जगात नव्हता. त्याचे नाव रेमंड लॉरेल लिंडमन. मृत्यूसमयी त्याला सत्तावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

रेमंडचा जन्म २४ जुलै १९१५ रोजी मिनेसोटातील रेडवुड फॉल्स गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. शेतावर वाढणाऱ्या मुलाला निसर्गाचा जमाखर्च शिकवावा लागत नाही. किती पेरले, किती उगवले, जनावरांनी किती खाल्ले आणि हाती काय उरले, हा हिशेब घरात रोजच चालतो. रेमंडचे तारुण्य अमेरिकेतील महामंदीच्या काळात गेले. मिसुरी राज्यातील पार्कव्हिल येथील पार्क कॉलेज या छोट्या महाविद्यालयातून १९३६ मध्ये पदवी घेऊन तो आपल्या राज्यात परतला आणि मिनेसोटा विद्यापीठात डॉक्टरेटच्या अभ्यासाला लागला. प्राणिशास्त्रज्ञ सॅम्युएल एडी हे त्याचे मार्गदर्शक होते. वनस्पतींच्या अनुक्रमणाचे, म्हणजे एका वनस्पतिसमूहाची जागा दुसऱ्याने घेण्याच्या प्रक्रियेचे, नामांकित अभ्यासक विल्यम कूपर याच विद्यापीठात होते. त्यांच्या शिकवणुकीचाही ठसा या विद्यार्थ्यावर उमटला.

जीव आणि त्यांचा परिसर यांच्यातील संबंधांचा अभ्यास करणारे परिस्थितिकी हे शास्त्र तेव्हा वयाने लहान होते. सरोवर हे स्वतःपुरते एक छोटे विश्व असते, असा विचार स्टीफन फोर्ब्स यांनी १८८७ मध्येच मांडला होता. इंग्लंडच्या चार्ल्स एल्टन यांनी १९२७ मध्ये अन्नसाखळीची कल्पना ठसठशीतपणे मांडली. साखळीच्या तळाशी जीव संख्येने पुष्कळ आणि टोकाला मोजके, हा संख्येचा मनोरा त्यांनीच दाखवला. जर्मनीच्या ऑगस्ट थीनेमान यांच्या लेखनातून उत्पादक, भक्षक आणि विघटक ही विभागणी रुळत होती. १९३५ मध्ये आर्थर टान्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने सजीव आणि त्यांचे निर्जीव पर्यावरण मिळून होणाऱ्या एकसंध व्यवस्थेला परिसंस्था हे नाव दिले. शब्द मिळाला होता, कल्पनाही विखुरलेल्या होत्या. मात्र संख्येचा मनोरा तसाच का असतो आणि शिकारी प्राणी नेहमी थोडेच का असतात, याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर सापडले नव्हते. देवमासा आणि शैवालाचा कण, पाणवनस्पती आणि डासाची अळी यांना एकाच तराजूत तोलायचे कसे, हा खरा अडसर होता.

लिंडमन यांनी अभ्यासासाठी निवडलेले तळे लहान आणि उथळ होते, आणि तेच त्याचे मोठेपण ठरले. विशाल सरोवरात एका माणसाच्या हातून सगळा जीवसमूह मोजून होणे अशक्य. सीडर बॉगसारख्या तळ्यात मात्र वरपासून खालपर्यंतची अवघी सृष्टी एका संशोधकाच्या आवाक्यात येत होती. लिंडमन यांनी तळ्याच्या भूतकाळापासून सुरुवात केली. तळाशी साचलेले थर आणि त्यांत अडकलेले परागकण यांच्या आधारे त्यांनी त्याचा हजारो वर्षांचा इतिहास लावला. एकेकाळी खोल असलेले पाणी गाळाने भरत कसे आले आणि त्याची वाटचाल दलदलीकडे व पुढे जंगलाकडे कशी चालली आहे, हे त्यातून उलगडले. तळे ही स्थिर वस्तू नव्हे, तिलाही बालपण आणि वार्धक्य असते, हे सूत्र पुढे त्यांच्या सिद्धांतातही आले.

या कामात त्यांना सर्वांत मोठी साथ लाभली ती पत्नी एलेनॉर हॉल लिंडमन यांची. नमुने गोळा करणे आणि मोजमापे घेणे या कष्टाच्या कामांत त्या पतीबरोबर राहिल्या. मिनेसोटाचा हिवाळा भारतीय वाचकाला कल्पनेनेच हुडहुडी भरवील असा असतो. तळ्यावर बर्फाचे जाड झाकण बसते, प्रकाश आत पोहोचेनासा होतो आणि सडणाऱ्या गाळामुळे पाण्यातला प्राणवायू संपत जातो. अशा गुदमरलेल्या पाण्यात तळाचे कोणते जीव तगतात, याचे प्रयोगही लिंडमन यांनी केले आणि त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. तळ्यातले जीवन उन्हाळ्यापुरते पाहून त्यांचे समाधान होण्यासारखे नव्हते. हिशेब वर्षाचा हवा होता.

मोजणी चालू असता त्यांना एका गोष्टीने अडवले. ती गोष्ट म्हणजे तळाचा गाळ. त्यात मेलेले शैवाल, कुजणारी पाने, प्राण्यांची विष्ठा आणि या सर्वांवर जगणारे असंख्य सूक्ष्म जीव एकजीव झालेले होते. त्यांतले सजीव किती आणि निर्जीव किती? घटकेपूर्वीचे मृत द्रव्य घटकाभराने एखाद्या अळीचे शरीर होत होते आणि ती अळी पुन्हा गाळात मिसळत होती. सजीवांचा समाज एका बाजूला आणि त्याचे निर्जीव पर्यावरण दुसऱ्या बाजूला, ही पाठ्यपुस्तकी रेघ तळ्याच्या तळाशी पुसली जात होती. लिंडमन यांनी ती रेघ सोडून दिली. टान्सली यांचा परिसंस्था हा शब्द त्यांनी गांभीर्याने घेतला आणि संपूर्ण तळे हेच अभ्यासाचे एकक मानले. त्यांच्या अन्नचक्राच्या आकृतीत अगदी मध्यभागी कोणता रुबाबदार मासा नसून तळाचा गाळ आहे.

आता प्रश्न उरला तराजूचा. शैवालाचे कण कोट्यवधी असतात आणि मासे मोजके, म्हणून नुसती संख्या उपयोगाची नाही. वजनही फसवते. शैवालाचे सूक्ष्म प्लवक काही दिवसांत वाढते, खाल्ले जाते आणि पुन्हा वाढते. मासा वर्षानुवर्षे जगतो. एका क्षणी जाळ्यात किती वजन सापडले यावरून वर्षभरात किती निर्माण झाले हे कळत नाही. दुकानात आज किती माल आहे यावरून वर्षाची उलाढाल ठरत नाही, तसेच हे. म्हणून लिंडमन यांनी प्रत्येक गटाचे वजन आणि तो गट किती काळात नव्याने भरून निघतो याचा वेग, अशी दोन्ही अंगे धरून वार्षिक उत्पादन काढले आणि ते सारे कॅलरींमध्ये मांडले. कॅलरी हे ऊर्जेचे माप आहे. गवत असो, गोगलगाय असो वा गरुड, प्रत्येकाच्या देहात साठलेली ऊर्जा या एका मापात सांगता येते. निसर्गातील सर्व व्यवहारांसाठी लिंडमन यांना जणू एकच चलन सापडले.

त्यानंतर त्यांनी जीवांची मांडणी जातींनुसार करण्याऐवजी पोषणाच्या पातळ्यांनुसार केली. पहिल्या पातळीवर सूर्यप्रकाश पकडून अन्न तयार करणारे शैवाल व पाणवनस्पती. दुसऱ्या पातळीवर त्यांना खाणारे, तिसऱ्यावर त्या खाणाऱ्यांना खाणारे, अशी ही चढती रांग. एका पातळीवर येणाऱ्या ऊर्जेपैकी किती पुढच्या पातळीपर्यंत पोहोचते, याचे गुणोत्तर काढले की ऊर्जेचा प्रवास आकड्यांत दिसू लागतो.

सीडर बॉगचा ताळेबंद असा निघाला. तळ्याच्या एका चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर वर्षाकाठी सुमारे १,१८,८७२ कॅलरी इतकी सौरऊर्जा पडते. त्यांपैकी वनस्पती जेमतेम १११ कॅलरी पकडतात, म्हणजे सुमारे ०.१ टक्का. त्या १११ मधील साधारण १५ कॅलरी शाकाहारी जीवांच्या पातळीवर पोहोचतात. हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास. त्या १५ पैकी केवळ ३ कॅलरी मांसाहारी जीवांच्या वाट्याला येतात, म्हणजे पाचव्या हिश्शाहून किंचित अधिक. लाखाच्या घरात सुरू झालेला जमाखर्च तीन पायऱ्यांत तीनवर येऊन ठेपला होता.

हा आकडा एकाच तळ्याचा योगायोग ठरू नये म्हणून लिंडमन यांनी विस्कॉन्सिन राज्यातील मेंडोटा या मोठ्या सरोवराची आकडेवारी शेजारी ठेवली. चान्सी जुडे या ज्येष्ठ सरोवरशास्त्रज्ञाने त्या सरोवराचा वार्षिक ऊर्जा-अंदाज १९४० मध्ये प्रसिद्ध केला होता. लिंडमन यांच्या पद्धतीने पाहता मेंडोटातील वनस्पती सूर्यप्रकाशातील ०.४ टक्के ऊर्जा पकडत होत्या. तेथून शाकाहारी पातळीवर ८.७ टक्के, पुढच्या पातळीवर ५.५ टक्के आणि त्याही पुढे १३ टक्के ऊर्जा पोहोचत होती. आकडे वेगवेगळे होते, पण चित्र तेच होते. प्रत्येक पायरीवर ऊर्जेचा मोठा हिस्सा गळत होता.

ही ऊर्जा जाते कोठे? काही अन्न खाल्लेच जात नाही. ते मरून गाळात जमा होते. काही खाल्ले जाते पण पचत नाही. आणि जे पचते त्याचा मोठा भाग जगण्यातच खर्च होतो. हालचाल, श्वसन, शरीराची डागडुजी या सर्वांतून ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते आणि ती पुन्हा कोणाच्याही उपयोगी पडत नाही. सीडर बॉगमध्ये वनस्पतींनी मिळवलेल्या ऊर्जेपैकी सुमारे २१ टक्के, शाकाहारींच्या ३० टक्के आणि मांसाहारींच्या तब्बल ६० टक्के ऊर्जा श्वसनात खर्च होत होती. शिकाऱ्याला भक्ष्यामागे धावावे लागते, त्याचा हा खर्च. नत्र, स्फुरद, कर्ब यांसारखी द्रव्ये परिसंस्थेत फिरून फिरून परत येतात. ऊर्जेला परतीची वाट नसते. ती सूर्याकडून येते, पातळ्यापातळ्यांनी ओसरते आणि उष्णता होऊन विरते. उष्मागतिकीचे नियम वाफेच्या इंजिनाइतकेच तळ्यातल्या अळीलाही लागू आहेत, हे यातून उघड झाले.

एल्टन यांच्या मनोऱ्याचे कोडेही येथे सुटले. साखळीच्या टोकापर्यंत पोहोचणारी ऊर्जा इतकी थोडी असते की तिच्यावर फारसे जीव पोसलेच जाऊ शकत नाहीत. अन्नसाखळ्या बहुधा चार-पाच कड्यांपलीकडे जात नाहीत त्याचे एक मोठे कारण हेच. सिंहाला खाऊन जगणारा प्राणी निसर्गात का नाही, याचे उत्तर सिंहाच्या पराक्रमात शोधण्याची गरज नाही. ते ऊर्जेच्या टंचाईत आहे. ताडोब्याच्या किंवा मेळघाटच्या जंगलात वाघ मोजकेच का असतात, याचा खुलासाही याच हिशेबात आहे. व्याघ्र-अभ्यासकांच्या अंदाजानुसार एका वाघाला वर्षाकाठी सुमारे ५० मोठी जनावरे लागतात आणि ती सतत मिळत राहायची तर त्याच्या टापूत सुमारे ५०० तृणभक्षी प्राण्यांचा कळप नांदता हवा. त्या ५०० प्राण्यांना गवत हवे, आणि गवताला जमीन. वाघ वाचवायचा तर आधी कुरण वाचवावे लागते, हा धडा मिनेसोटातील एका तळ्याच्या ताळेबंदाशी जोडलेला आहे.

१९४१ मध्ये लिंडमन यांना डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी ते शिष्यवृत्ती घेऊन येल विद्यापीठात जॉर्ज एव्हलिन हचिन्सन यांच्याकडे गेले. केंब्रिजमध्ये वाढलेले हचिन्सन हे सरोवरशास्त्रातील चतुरस्र विद्वान. १९३२ मध्ये येल विद्यापीठाच्या उत्तर भारत मोहिमेबरोबर ते लडाखला आले होते आणि तेथील उंचावरच्या सरोवरांचा त्यांनी अभ्यास केला होता. पोषणाच्या पातळ्यांमधील ऊर्जेचे नाते गणिताच्या चिन्हांत मांडण्याचा विचार त्यांच्याही मनात घोळत होता आणि आपली अप्रकाशित टिपणे त्यांनी या तरुणापुढे मोकळेपणाने ठेवली. लिंडमन यांच्याजवळ तळ्याची पाच वर्षांची आकडेवारी होती, हचिन्सन यांच्याजवळ गणिती मांडणीची दिशा होती. दोहोंच्या भेटीतून प्रबंधाचे शेवटचे प्रकरण नव्याने लिहिले गेले आणि त्याचा निबंध झाला. परिस्थितिकीचा पोषण-गतिक पैलू, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. तो इकॉलॉजी या नियतकालिकाकडे पाठवण्यात आला.

संपादक होते शिकागो विद्यापीठाचे थॉमस पार्क. त्यांनी निबंध परीक्षणासाठी दोन नामवंतांकडे धाडला. एक होते मिशिगनचे पॉल वेल्च, सरोवरशास्त्राच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाचे लेखक. दुसरे होते चान्सी जुडे, म्हणजे ज्यांच्या मेंडोटाच्या आकड्यांचा आधार लिंडमन यांनी घेतला होता तेच. दोघांनीही निबंध नाकारण्याची शिफारस केली. आक्षेप साधारण एकाच जातीचे होते. निबंधात तर्क फार आणि पुरावा थोडा, इतक्या थोड्या सरोवरांवरून सर्वसाधारण सिद्धांत कसा मांडता येईल, आणि प्रत्येक सरोवराची प्रकृती वेगळी असता एकच सूत्र सर्वांना कसे लावणार? वेल्च यांना तर असा निबंध काही वर्षे बाजूला ठेवून द्यावा आणि अधिक माहिती जमल्यावर पुन्हा पाहावा, हे श्रेयस्कर वाटत होते. बरीच वर्षे थांबण्याचा हा सल्ला ज्याला उद्देशून होता, त्याच्यापाशी एक वर्षही शिल्लक नव्हते. हे अर्थातच परीक्षकांना ठाऊक नव्हते.

या दोघांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. जुडे यांनी आयुष्यभर शेकडो सरोवरांच्या पाण्याची मोजदाद केली होती. एकेक सरोवर किती तऱ्हेवाईक असते हे त्यांनी हातांनी अनुभवले होते. घाईने मांडलेल्या सिद्धांतांनी विज्ञानाची फसगत होते, ही त्यांची धास्ती अनुभवातून आलेली होती. शिवाय लिंडमन यांची आकडेवारी तोकडी होती, हा आक्षेप खरा होता. वाद होता तो विज्ञान पुढे कसे सरकते यावर. आधी पुरेसा पुरावा आणि मग सिद्धांत, की आधी कल्पना आणि मग तिच्या प्रकाशात पुराव्याचा शोध?

हचिन्सन दुसऱ्या बाजूला उभे राहिले. त्यांनी पार्क यांना सविस्तर पत्र लिहून आपल्या विद्यार्थ्याची पाठराखण केली. सरोवरांविषयी माहितीचे ढीग साचत आहेत, पण त्यांचा अर्थ लावणारी चौकट नाही आणि ती देण्याचे धाडस या निबंधात आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. लिंडमन यांनी निबंधात दुरुस्त्या केल्या. पार्क यांच्यापुढे पेच होता. दोन ज्येष्ठ परीक्षकांचा स्पष्ट नकार डावलून एका नवख्या संशोधकाचे लेखन छापायचे, तर जबाबदारी संपादकाची. त्यांनी ती स्वीकारली. परीक्षकांचे आक्षेप कदाचित बरोबरही असतील, पण निकाल काळावर सोपवावा, अशा भूमिकेतून त्यांनी १९४२ मध्ये निबंध स्वीकारला. विज्ञानाच्या इतिहासात संपादकाच्या निर्णयाला इतके मोल क्वचितच आले असेल.

एव्हाना लिंडमन यांची प्रकृती ढासळली होती. यकृताच्या दुखण्याने त्यांना वारंवार गाठले होते आणि येलमधील ते वर्ष आजारपणाच्या छायेतच गेले. बाहेर महायुद्ध पेटले होते. अमेरिका डिसेंबर १९४१ मध्ये त्यात ओढली गेली होती. अशा काळात हा तरुण आपल्या निबंधाची वाक्ये पुन्हा पुन्हा घासूनपुसून घेत होता. २९ जून १९४२ रोजी न्यू हेवन येथे त्यांचे निधन झाले. सत्ताविसाव्या वाढदिवसाला जेमतेम साडेतीन आठवडे उरले होते. ऑक्टोबर १९४२ च्या अंकात निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शेवटी हचिन्सन यांनी छोटी पुरवणी जोडली. एका अत्यंत सर्जनशील आणि उदार बुद्धीच्या संशोधकाला हे शास्त्र मुकले, ही खंत गुरूने शिष्याच्या निबंधाखाली नोंदवली. असा योग कोणत्याही गुरूच्या वाट्याला येऊ नये.

युद्ध संपले आणि निबंध हळूहळू वाचला जाऊ लागला. हचिन्सन यांचे आणखी एक विद्यार्थी हॉवर्ड ओडम यांनी १९५० च्या दशकात फ्लोरिडातील सिल्व्हर स्प्रिंग्ज या नितळ झऱ्यावर असाच ताळेबंद मांडला. वर्षाला दर चौरस मीटरमागे वनस्पतींनी पकडलेली ऊर्जा सुमारे २०,८१० किलोकॅलरी, तर सर्वांत वरच्या मांसाहारींपर्यंत पोहोचलेली अवघी २१. हॉवर्ड यांचे ज्येष्ठ बंधू यूजीन ओडम यांच्या १९५३ मधील पाठ्यपुस्तकाने परिसंस्था आणि ऊर्जेचा प्रवाह या कल्पना जगभरच्या वर्गांत नेल्या. जे नाकारले जाणार होते ते एका पिढीत अभ्यासक्रमाचा पाया झाले. लिंडमन यांच्या निबंधाच्या जन्माची आणि नकाराची कहाणी मात्र रॉबर्ट कुक यांनी १९७७ मध्ये सायन्स नियतकालिकात मांडली तेव्हा सर्वांसमोर आली.

भारतातील विद्यार्थ्यांना लिंडमन हे नाव भेटते ते दहा टक्क्यांच्या नियमाबरोबर. एका पातळीवरील ऊर्जेपैकी फक्त दहा टक्के पुढच्या पातळीवर जाते, हे वाक्य परीक्षेसाठी पाठ होते आणि नियमाच्या आधी लिंडमन यांचे नाव लागते. प्रत्यक्षात त्यांच्या निबंधातील प्रमाणे साडेपाच टक्क्यांपासून वीस टक्क्यांच्या पुढेपर्यंत पसरलेली आहेत. दहा हा आकडा निसर्गाचा अटळ कायदा नसून नंतरच्या अनेक अभ्यासांतून रूढ झालेली सोयीची सरासरी आहे. डॅनियल पॉली आणि व्हिली क्रिस्टेनसेन यांनी १९९५ मध्ये अनेक जलपरिसंस्थांचे आराखडे तपासले तेव्हा सरासरी दहा टक्क्यांच्या जवळ आली, पण एकेक नोंद २ पासून २४ टक्क्यांपर्यंत होती. समुद्रातून किती मासळी काढणे परवडते, याचे अंदाज बांधताना आजही हेच गणित हाताशी घ्यावे लागते. धान्य थेट खाण्याऐवजी जनावराला घालून मांस खाल्ले तर अधिक जमीन का लागते, याचे उत्तरही तेथेच आहे.

काळाने निबंधातील उणिवाही दाखवल्या. साखळीत वर जावे तशी ऊर्जेचा वापर करण्याची कार्यक्षमता वाढत जाते, असे लिंडमन यांना वाटत होते. पुढील अभ्यासांत तसा सर्वत्र लागू पडणारा नियम आढळला नाही. जिवाणूंचे काम किती अवाढव्य आहे हे मोजण्याची साधने त्यांच्या काळी नव्हती. १९८० च्या दशकात समुद्रातील सूक्ष्मजीवांचे स्वतंत्र अन्नचक्र उलगडले तेव्हा ती पोकळी ध्यानात आली. कित्येक प्राणी वनस्पतीही खातात आणि प्राणीही, त्यामुळे त्यांना एका ठराविक पातळीवर बसवता येत नाही, हा आक्षेपही रास्त ठरला. म्हणजे परीक्षकांची शंका अगदीच निराधार नव्हती. तरीही या सगळ्या दुरुस्त्या झाल्या त्या लिंडमन यांनी आखून दिलेल्या चौकटीतच. त्यांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता, म्हणूनच त्यांची उत्तरे तपासून सुधारता आली.

सीडर बॉग तळे आजही आहे. त्याच्या भोवतीचा प्रदेश १९४२ मध्येच, म्हणजे लिंडमन गेले त्याच वर्षी, निसर्गाच्या अभ्यासासाठी राखून ठेवण्यात आला. मिनेसोटा विद्यापीठाचे सीडर क्रीक संशोधन क्षेत्र म्हणून तो जगभरच्या अभ्यासकांना परिचित आहे आणि १९८२ पासून तेथे दीर्घ पल्ल्याचे संशोधन अखंड चालू आहे. तेथील एका संशोधन केंद्राला लिंडमन यांचे नाव आहे. जलविज्ञानातील अमेरिकन संघटना तरुण संशोधकाच्या उत्कृष्ट निबंधाला त्यांच्याच नावाने पुरस्कार देते. ज्याचा निबंध मागे ठेवला जाणार होता, त्याच्या नावाने तरुणांच्या निबंधांचा गौरव व्हावा, हे उचितच झाले. तळे दरवर्षी थोडे अधिक भरत चालले आहे, काठाची दलदल थोडी आत सरकत आहे. केव्हातरी तेथे पाणी नसेल, जंगल असेल. लिंडमन यांनी त्याच्या पोटातल्या थरांवरून हे भविष्य फार पूर्वीच वाचून ठेवले होते.